परातीच्या तळाशी उरलेले राखाडी दाणे: प्लॅटिनम जागेवर कसं ओळखायचं, कसं गोळा करायचं?

गाळवेचा (धागाकर्ता)
नदीतला गाळ परातीत धुवत नेला की शेवटी काळी वाळू उरते, कधी सोन्याचे कण, आणि क्वचित सोन्याच्याच रेषेत अडून बसलेले राखाडी-चंदेरी दाणे. आकार अर्धा ते एक मिलिमीटर. पुस्तकात 'नैसर्गिक प्लॅटिनम: रंग पोलादी राखाडी, कठिनता (१ ते १० च्या मोहस मापनीवर) ४ ते ४.५, वि. गु. (विशिष्ट गुरुत्व, पाण्याच्या कितीपट जड) १४ ते १९' एवढं दिलेलं असतं. पण नदीकाठी बसून त्या आकड्यांचं करायचं काय? शिशाचे छर्रे, सोल्डरचे थेंब, गॅलेना (शिशाचं खनिज), पोलादाचा कीस, पारा लागून पांढरं झालेलं सोनं, सगळंच राखाडी दिसतं.
दोन प्रश्न आहेत. प्रयोगशाळेत जाण्याआधी कितपत खात्री करून घेता येते? आणि दाणे न हरवता, न बिघडवता गोळा कसे करायचे? 'प्रयोगशाळेत द्या' हे उत्तर माहीत आहे, पण तिथे काय द्यायचं हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं.

दगडफूल
दाण्याकडे बघण्याआधी नदी कुठून येते ते बघा. वरच्या अंगाला ड्युनाइट, पेरिडोटाइट, सर्पेंटाइन असे मॅग्नेशियम-लोहाने भरलेले खडक नसतील तर प्लॅटिनमची आशा फारच कमी. उरलमधलं निझ्नी तागील, कॅनडातलं तुलामीन, अलास्कातलं गुडन्यूज बे, या सगळ्या ठिकाणी गाळातल्या प्लॅटिनमच्या वरच्या बाजूला ड्युनाइट आहे.
परातीतच खूण मिळते. काळी वाळू म्हणजे सगळी मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकी खनिज) नव्हे, त्यात क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) आहे का ते बघा. दोन्ही काळेच, पण क्रोमाइट साध्या चुंबकाला जेमतेम दाद देतं आणि त्याचा कस (खरखरीत पांढऱ्या चिनीमातीवर घासल्यावर उमटणारी रेघ) तपकिरी येतो, मॅग्नेटाइटचा काळा. क्रोमाइट भरपूर आणि सोबत हिरवट सर्पेंटाइनचे खडे असतील तर राखाडी दाणे जपून ठेवा. गाळात नुसता ग्रॅनाइटचा चुरा दिसत असेल तर पहिला संशय छर्र्यांवर घ्या.

रेतीघाट
सोपं करून सांगतो. धुवून झालं की माल वाळवायचा, चुंबक फिरवून काळी वाळू काढून टाकायची, उरलेल्यात जे जड आणि राखाडी ते वेगळं करायचं. दाणा लोखंडी पाट्यावर ठेवून हातोडीने ठोकायचा. चपटा झाला तर प्लॅटिनम, चुरा झाला तर गॅलेना. पाच मिनिटांचं काम.

काळीवाळू
@रेतीघाट, चुंबकाबद्दल जे लिहिलंत ते कृपया कुणी करू नये. याच पायरीला सगळ्यात जास्त प्लॅटिनम फेकलं जातं.
निसर्गात शुद्ध प्लॅटिनम जवळपास मिळतच नाही, त्यात लोह मिसळलेलं असतं. आयसोफेरोप्लॅटिनममध्ये (तीन अणू प्लॅटिनम, एक लोह) वजनाने सुमारे ९ टक्के लोह, टेट्राफेरोप्लॅटिनममध्ये (एकास एक) सुमारे २२ टक्के. लोह वाढलं की दाणा चुंबकाकडे ओढला जातो, कधी हलकेच, कधी मॅग्नेटाइटसारखा टुणकन. शिवाय दाण्याला मॅग्नेटाइटचा कण चिकटलेला असेल तरी तो चुंबकावर जातो. म्हणजे चुंबकाने काढलेली वाळू 'कचरा' नाही, तो वेगळा ढीग आहे.
पद्धत अशी ठेवा:
माल पूर्ण कोरडा करा. ओल्या वाळूत सगळंच सगळ्याला चिकटतं. आधी साधं फेराइट चुंबक घ्या, ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पसरलेल्या वाळूवरून बोटभर उंचीवरून फिरवा. चुंबक वाळूत बुडवू नका. बुडवलं की मॅग्नेटाइटच्या मिशा फुटतात आणि त्यात अडकून बिनचुंबकी दाणेही वर येतात. दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर काढा, वाळू खाली पडेल. तीच वाळू पुन्हा पसरून तेच करा, असं तीनदा. मग त्याहून जोरदार निओडायमियम चुंबक, तेही आधी उंचावरून, हळूहळू खाली आणत.
चुंबकी ढीग शेवटी पाण्यात परत धुवा. मॅग्नेटाइटची घनता ५.२, प्लॅटिनमची त्याच्या तिप्पट. फरक इतका मोठा आहे की दोन-चार हेलकाव्यांत मॅग्नेटाइट पुढे सरकतं आणि जड दाणा मागे राहतो.

रेतीघाट
चुंबकी वाळू परत धुवायची हे पटलं. पण हातोडीची चाचणी मी सोडणार नाही. तिच्याइतकं चटकन उत्तर दुसरं कशानेच मिळत नाही.

चिमटा
हातोडी हवीच, पण पहिली नको. तिच्याआधी तीन गोष्टी होतात आणि त्यात दाण्याला काहीच होत नाही.
१) दहापट भिंग. प्लॅटिनमचा दाणा बहुधा गोटीसारखा किंवा ओबडधोबड, कडा घासलेल्या, खळग्यांमध्ये काळ्या क्रोमाइटचे ठिपके. सोन्यासारखा पातळ पापुद्रा सहसा होत नाही, कारण तो सोन्यापेक्षा कठीण असतो. छर्रा अगदी गोल असतो आणि त्यावर पांढुरकी-राखाडी साय असते. सोल्डरच्या थेंबाला शेपूट किंवा एक सपाट बाजू असते. गॅलेनाला चौकोनी पायऱ्या. पोलादाचा कीस वळलेला, त्यावर अवजाराच्या समांतर रेघा.
२) सुई. दाणा दुहेरी चिकटपट्टीवर बसवा आणि भिंगाखाली सुईच्या टोकाने दाबा. शिसं आणि सोल्डर लोण्यासारखं दबतं, टोक रुततं. गॅलेना तुटून बारीक चौकोनी तुकडे होतात. प्लॅटिनमवर पोलादी सुईचा ओरखडा उठतो पण टोक रुतत नाही, दाणा फुटतही नाही.
३) काच. दाणा लाकडी काडीच्या टोकाला लाखेने किंवा मेणाने बसवून काचेवर ओढा. प्लॅटिनम काचेवर चरा पाडत नाही (काच ५.५). चरा पडला तर ते दुसरं काहीतरी आहे, आणि ते 'दुसरं' प्लॅटिनमपेक्षा दुर्मिळही असू शकतं.

शंखाभ
'दुसरं काहीतरी' वर थोडं. जड, राखाडी, काचेवर चरा पाडणारं असं गाळात तीन प्रकारचं सापडू शकतं.
पहिलं ऑस्मिरिडियम, म्हणजे ऑस्मियम-इरिडियमचे नैसर्गिक मिश्रधातू. कठिनता ६ ते ७, घनता १९ ते २१. दाणे चपटे, कधी सहा बाजूंच्या चकत्या, रंग कथलासारखा पांढरा, चमक प्लॅटिनमपेक्षा उजळ. एका दिशेने पाटन (ठराविक पातळीवर सुटण्याचा गुण) असतं, त्यामुळे ठोकल्यावर चपटे होत नाहीत, पापुद्रे सुटतात. टास्मानियातल्या अ‍ॅडम्सफील्डला १९२५ साली लोक याच्याच मागे धावले, फाउंटन पेनच्या निबेच्या टोकाला ते लागायचं. तिथला मूळ खडक सर्पेंटाइन.
दुसरं स्पेरीलाइट, प्लॅटिनम आर्सेनाइड. कठिनता ६ ते ७, घनता १०.६, कस काळा, ठिसूळ, भंजन शंखाभ (फुटल्यावर शिंपल्यासारखा वळणदार पृष्ठभाग). १८८९ साली कॅनडातल्या सडबरीच्या नमुन्यावरून वर्णन झालं. त्यात वजनाने ५६ टक्क्यांहून थोडं जास्त प्लॅटिनम असतं. छोटे लखलखीत घनाकार स्फटिक असतात, कोपरे बहुधा कापलेले. @रेतीघाट यांची हातोडी यावर पडली की चुरा होणार, आणि त्यांच्या नियमाने तो 'गॅलेना' ठरणार. फरक सोपा आहे: गॅलेना नखापेक्षा जेमतेम कठीण (२.५), स्पेरीलाइट काच कापतं.
तिसरं मात्र खनिजच नाही, टंगस्टन कार्बाइड. ड्रिलच्या टोकाचे तुकडे गाळात येतात. घनता १४ ते १५, रंग राखाडी, कोबाल्टमुळे किंचित चुंबकीही. अगदी प्लॅटिनमच्या वर्णनात बसतं. ते क्वार्ट्झवर सहज खोल चरा पाडतं, ऑस्मिरिडियम तसं करत नाही. क्वार्ट्झचा एक स्वच्छ स्फटिक खिशात ठेवा.

नवखी
वाचनखूण साठवली! एक शंका: पाऱ्याने पांढरं झालेलं सोनं कसं ओळखायचं? तापवून बघितलं तर पारा उडून पिवळा रंग येतो ना?

आम्लराज
येतो, आणि पारा तुमच्या फुप्फुसात जातो. तापवू नका. जुन्या खाणींच्या खालच्या अंगाला सोन्याचे असे पांढरे झालेले दाणे मिळू शकतात, कारण तिथे सोनं पकडायला पारा वापरायचे. सुईने खरवडलं की आत पिवळं दिसतं, तेवढं पुरे.
मुळात अनोळखी राखाडी दाणा कधीच तापवू नये. पारा असेल तर पाऱ्याची वाफ. आर्सेनोपायराइट (आर्सेनिक असलेलं लोहाचं खनिज) किंवा स्पेरीलाइट असेल तर आर्सेनिकचा धूर. ऑस्मिरिडियम हवेत खूप तापलं तर ऑस्मियम टेट्रॉक्साइड सुटतं, ते डोळ्यांना आणि श्वासनलिकेला फार वाईट. टॉर्चने दाणा वितळत नाही म्हणजे प्लॅटिनम (ते १७६८ अंशांना वितळतं), असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.
आम्लाची चाचणी घरी, उघड्या हवेत, चष्मा-हातमोजे घालून. काचेच्या छोट्या नळीत दोन-तीन दाणे, त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल. सौम्य करताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. शिसं, चांदी, पारा, साधं पोलाद, गॅलेना यांना ते खातं. प्लॅटिनम, ऑस्मिरिडियम, सोनं तसंच राहतं. तपकिरी धूर निघाला तर तो विषारी आहे, लांब व्हा.
एक मोठी पळवाट इथेच आहे: स्टेनलेस स्टीलवरही नायट्रिकचा परिणाम होत नाही. म्हणून 'आम्लात टिकलं' हा पुरावा नव्हे. टिकलेला दाणा धुवून कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. त्यात स्टेनलेस हळूहळू बुडबुडे सोडतं, प्लॅटिनम सोडत नाही. पण पहिलं आम्ल नीट धुतलंच पाहिजे, कारण दोन्ही एकत्र झाली की अम्लराज तयार होतं आणि गरम अम्लराजात प्लॅटिनमही विरघळतं.

ताजवा
घनतेचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. आर्किमिडीजची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण दाणे इतके बारीक की आकडे फसवतात.
१ ग्रॅम दाणे घ्या. १७ घनता असेल तर ते ०.०५९ ग्रॅम पाणी सारतात, शिसं ०.०८८, पोलाद ०.१२८. तुमचा काटा ०.०१ ग्रॅम वाचणारा असेल तर ०.०५ पासून ०.०७ पर्यंत काहीही दाखवेल, म्हणजे उत्तर २० ते १४ यांमध्ये कुठेही. पोलाद त्यातून वगळता येईल, शिशाबद्दल खात्री देता येणार नाही. ०.००१ वाचणारा काटा असेल तर हीच चूक दोन टक्क्यांच्या आत येते. म्हणून दाणे एक ग्रॅमपेक्षा कमी असतील आणि काटा साधा असेल तर ही मोजणी करू नका, खोटा आत्मविश्वास येतो.
करायचीच तर: काट्यावर पाण्याचा पेला ठेवा. दोऱ्याला टांगलेली छोटी रिकामी वाटी पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा आणि काटा शून्य करा. वाटी बाहेर काढून त्यात दाणे घाला, तेवढ्याच खोलीवर परत बुडवा. जो आकडा दिसेल तेवढ्या ग्रॅमचं पाणी सरलं. दाण्यांचं कोरडं वजन भागिले हा आकडा.
बुडबुडा हा इथला खरा शत्रू. दोन मिलिमीटरचा एक बुडबुडा दाण्यांना चिकटला तर ०.००४ ग्रॅम वाढतात आणि १७ ची घनता १६ च्या खाली दिसते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, दाणे आधी ओले करून ढवळा.

काळीवाळू
साबणाचा थेंब परातीतही टाकावा. बारीक सोनं आणि प्लॅटिनमचे चपटे कण तेलकट झालेले असतील तर पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगून काठावरून निघून जातात, आणि 'इतकं जड कसं तरंगेल' म्हणून कुणी तिकडे बघतच नाही.

दगडफूल
धाग्यातला दुसरा प्रश्न, गोळा करणं, मागे पडला आहे. त्यावर थोडं.
जागा: दाणे सैल वाळूत वरवर मिळत नाहीत. तळखडकाच्या भेगा, वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्यामागची संथ पाण्याची जागा आणि चिकणमातीच्या थराच्या बरोबर वरचा गोट्यांचा थर. भेगेतला माल वाकड्या टोकाच्या सळईने सैल करा, पिचकारीने ओढून घ्या आणि शेवटी कडक ब्रशने भेग घासा. शेवटच्या चिमूटभर मातीतच सगळ्यात जड माल असतो.
चाळणी: धुण्याआधी २ आणि १ मिलिमीटरच्या चाळण्यांतून माल वेगळा करा आणि प्रत्येक भाग स्वतंत्र धुवा. मोठा हलका खडा आणि बारीक जड दाणा एकाच परातीत असले की हेलकाव्यात दोघांचं वागणं सारखं होतं.
मोजमाप: दर ठिकाणी तेवढाच गाळ घ्या, समजा चाळलेला १० लिटर, आणि दाणे मोजा. वर जात राहिलात की दाणे वाढत जातात आणि एका ओढ्याच्या तोंडानंतर अचानक थांबतात. मग तो ओढा. सोन्याची आणि प्लॅटिनमची मोजणी वेगळी ठेवा, दोघांचं मूळ एक असेलच असं नाही.
आणि हे सगळं परवानगी असलेल्या जागेतच. जमीनमालक, नदीपात्र आणि खनिजाचा हक्क या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. संरक्षित क्षेत्रात परातही नेऊ नये.

चिमटा
वेचण्याबद्दल: काळ्या परातीत सोनं उठून दिसतं, पण मळकट प्लॅटिनम काळ्या वाळूत विरून जातं. शेवटची चिमूट पांढऱ्या बशीत, तिरक्या उन्हात बघा आणि बशी हळूहळू फिरवा. काळे दाणे काळेच राहतात, धातूचा दाणा एका कोनात चमकून जातो.
पोलादी चिमटा वापरू नका. थोडा दाब पडला की दाणा उडतो, आणि चिमट्यात चुंबकत्व असेल तर आणखी गोंधळ. ओली लाकडी दातकोरणी टेकवली की दाणा चिकटून येतो आणि पाणी भरलेल्या कुपीत बुडवला की सुटतो.

रेतीघाट
@शंखाभ यांचा स्पेरीलाइटचा मुद्दा बिनतोड आहे. हातोडी शेवटी, आणि भिंगाखाली सारखे दिसणारे दाणे दहापेक्षा जास्त असतील तरच, त्यातल्या एक-दोनांवर. ठोकण्याची रीत मात्र नीट सांगतो, कारण दाणा उडून जाणं हीच सगळ्यांची अडचण असते. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या घडीत दाणा ठेवा, खाली गुळगुळीत पोलाद, वरून हलके तीन-चार ठोके. प्लॅटिनम पसरतं आणि चकती अखंड राहते. कार्बाइड असेल तर दाणा तसाच आणि खालच्या पोलादाला खड्डा.

शंखाभ
एवढं जोडा: लोह जास्त असलेलं प्लॅटिनम तितकं मऊ नसतं, चकतीच्या कडेला चिरा पडतात. कडेला चीर गेली म्हणून दाणा नाकारू नका. मधला भाग पसरला का ते बघा.

गाळवेचा (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. चुंबकी ढीग परत धुवायचा, हे एकच वाक्य कळलं असतं तरी धागा सार्थकी लागला असता. आता नेमकं विचारतो: दाणे गोटीसारखे, खळग्यांत काळे ठिपके, सुई रुतत नाही, काचेवर चरा नाही, साधारण निम्मे दाणे निओडायमियमकडे ओढले जातात, बाकीचे नाही. काहींवर तांबूस-काळा थर आहे. वरच्या अंगाला सर्पेंटाइन आहे. हा थर काढावा का, आणि प्रयोगशाळेत काय, किती द्यावं?

काळीवाळू
वर्णन लोह-प्लॅटिनम मिश्रधातूशी जुळतं, आणि चुंबकी व बिनचुंबकी असे दोन गट पडणंही त्यात बसतं. दोन्ही गट वेगळ्या कुप्यांत ठेवा, एकत्र करू नका.
थर बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा. पाच-सहा दाणे कोमट ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात रात्रभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ऑक्झॅलिक विषारी आहे, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. बाकीचे दाणे थरासकट राहू द्या, थरातही माहिती असते.

ताजवा
सोनाराकडच्या क्ष-किरण यंत्रावर एकेक दाणा ठेवून आलेला आकडा धरून बसू नका. त्याचा झोत दाण्यापेक्षा मोठा असतो, सपाट पृष्ठभाग गृहीत धरलेला असतो आणि दाण्यावरच्या थराचं लोहही मोजलं जातं. 'प्लॅटिनम आहे का' याला हो-नाही उत्तर मिळेल, टक्केवारी खरी मानू नये. टक्केवारी हवी असेल तर दाणे रेझिनमध्ये बसवून, घासून, पॉलिश करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी प्रयोगशाळा शोधा. तिथे दाण्याच्या आतले ऑस्मिरिडियमचे पापुद्रे आणि क्रोमाइटही दिसतात, आणि त्यावरून मूळ खडक कोणत्या प्रकारचा ते सांगता येतं.

दगडफूल
द्यायला प्रत्येक गटाचे आठ-दहा दाणे पुरेत, न ठोकलेले, आम्लात न घातलेले. सोबत त्याच जागेची चमचाभर काळी वाळू, कारण तिच्यातल्या क्रोमाइटच्या रचनेवरूनही उगम शोधता येतो. कुपी काचेची, झाकण प्लास्टिकचं. चिठ्ठी कुपीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई पाण्याने जाते: अक्षांश-रेखांश, तळखडक कोणता, किती खोलीवरून, किती लिटर गाळातून किती दाणे, चुंबकी की बिनचुंबकी.